दोन पिवळे ठोकळे

हार्लन टॉजला आगीचे कौतुक कधीच नव्हते. पस्तीस वर्षे घरोघर टपाल वाटताना त्याने दोन घरे आणि कोंबड्यांची एक शेड जळताना पाहिली होती, आणि तिन्ही वेळा हा गडी गाडीतून खालीसुद्धा उतरला नव्हता. वेड होते ते बंबांचे. तेही सायरन वाजवत धावणाऱ्या बंबांचे नव्हे. धुऊन पुसून, छातीवर ऊन घेऊन निमूट उभ्या राहिलेल्या बंबांचे.

अमेरिकेतल्या चेसापीक उपसागराच्या पूर्व किनाऱ्यावर दर खाडीला एक गाव आणि दर गावाला एक बंबखाना. पगारी माणूस एकही नाही. सायरन वाजला की खेकडे पकडणारा जाळे टाकून पळतो, न्हावी अर्धे डोके तसेच ठेवून पळतो, आणि बंब विकत घेता यावा म्हणून बायका वर्षानुवर्षे कालवे तळून विकतात. अशा एकशे चाळीस बंबखान्यांत हार्लन कॅमेऱ्याचे तिकाटणे खांद्यावर टाकून जाऊन आला होता. त्याने काढलेला आपल्या बंबाचा फोटो भिंतीवर नाही असा बंबखाना त्या किनाऱ्यावर शोधावा लागला असता.

त्याचे नियम मात्र सोवळ्यातले. सूर्य पाठीशी हवा. पुढची चाके सरळ. काचेआडच्या, ऊन अडवायच्या दोन्ही झापा वर दुमडलेल्या, एक वर एक खाली चालणार नाही. आणि चाकाला लावलेले ठोकळे फोटोत दिसता कामा नयेत. उभा बंब घरंगळू नये म्हणून मागच्या चाकाला पिवळे धमक ठोकळे लावतात, ते दिसले की त्याला नव्या नवरीच्या पायात चिखलाचे बूट पाहिल्यासारखे व्हायचे.

त्याच्या स्वतःच्या गावाला, डाइझ लँडिंगला, त्या ऑक्टोबरात नवा बंब आला. नऊ वर्षांनी आला. मिस ओपल स्टर्लिंग ही गावच्या अग्निशमन दलाच्या स्वयंपाकघराची मालकीणच म्हणा, तिने नऊ हिवाळे दर शनिवारी कालवे तळून तो आणला. तो आला त्या दिवशी तिकडच्या रिवाजाप्रमाणे शेजारच्या पाच गावांचे बंब येऊन त्याच्यावर पाणी उडवून गेले, माणसांनी त्याला खांदे लावून आत ढकलला, आणि ओपल एप्रनमध्ये तोंड खुपसून रडली. जुना बंब लगेच डोंगराकडच्या कुठल्याशा गावाला विकला गेला.

हार्लनला नव्या बंबाचा फोटो पाण्याच्या पार्श्वभूमीवर हवा होता. म्हणजे बंब धक्क्यावर आणायचा, बोटी पाण्यात सोडायचा जो उतार आहे त्याच्या तोंडाशी. शनिवारी सकाळी एव्हरेट पार्क्सने तो आणून उभा केला. एव्हरेट खेकडेवाला, वय बासष्ट. तीस वर्षे दलाचा बंब तोच चालवायचा, आणि हार्लनशी त्याचे पहिलीच्या वर्गापासूनचे.

"मागे घे अजून. जरा अजून," हार्लन तिकाटण्यामागून हात हलवत होता.

"टॉज, अजून मागे घेतला तर माशांना फोटो काढावा लागेल."

"चाकं सरळ कर."

"माझ्या लग्नात फोटो काढलेस तेव्हा मला एकदा तरी सरळ उभं राहायला सांगितलंस का रे?"

"तुझ्या लग्नात सरळ होण्यासारखं काही नव्हतं."

एव्हरेट हसत उतरला. उतरण्याआधी त्याने हवेच्या ब्रेकची पिवळी मूठ बाहेर ओढली; ती बाहेर असली की चाके जखडतात, आत गेली की सुटतात. उतरल्यावर दोन्ही ठोकळे मागच्या चाकाला लावले आणि प्रत्येकाला बुटाने एक लाथ घातली. तीस वर्षे हेच, ह्याच क्रमाने. मग तो माशांचे आमिष विकणाऱ्या दुकानातून कॉफी आणायला गेला.

हार्लनने उजेड पाहण्यासाठी एक फोटो काढला. सुरेख. पण ठोकळे! त्याने जाऊन दोन्ही उपटले आणि नजरेआड असावेत म्हणून आपल्या व्हॅनच्या मागच्या दारातून आत टाकले. परत येतो तर डावीकडची झाप खाली. तो चालकाच्या जागेवर चढला, झाप दुमडली आणि खांद्यावरची पिशवी सावरत खाली उतरला. उतरताना पिशवी कशाला तरी घासली आणि फुस्स असा आवाज झाला. त्या गाड्यांची सीटसुद्धा हवेवरची असते, उठले की उसासा टाकते. सीटच असेल, असे त्याला वाटले. असे म्हणण्यापेक्षा त्याला काहीच वाटले नाही, त्याचे सगळे लक्ष उन्हाकडे होते.

तीस पावले चालून त्याने डोळा कॅमेऱ्याला लावला. आता चित्र असे जमले होते की बस! त्याने बटण दाबून धरले. कॅमेरा खटखट खटखट फोटो घेऊ लागला आणि बंब चौकटीत लहान होऊ लागला.

हात लेन्सवर गेला की काय, म्हणून हार्लनने हात काढून पाहिला. हात लेन्सवर नव्हताच. बंब आणखी लहान झाला. तेव्हा कुठे त्याने डोळा उचलला.

बंब मागच्या मागे, अगदी सावकाश, उतारावरून चालला होता. एखाद्या सभ्य माणसाने मेजवानीतून निरोप न घेता निघून जावे, तसा. मग त्याने वेग घेतला. मागचा भाग पाण्यात गेला तसा एक प्रचंड फवारा उडाला, धक्क्यावरच्या बोटी एकमेकींवर आदळल्या, आणि बंब काचेपर्यंत बुडून थांबला. पुढचे दोन दिवे पाण्याच्या वर राहिले. ते हार्लनकडे बघत होते.

 ओरडावे की धावावे, काही सुचेना. तो तिकाटण्याला धरून उभा राहिला. हे झालेच नाही, असे त्याला अगदी मनापासून वाटत होते. आपण परत कॅमेऱ्यात पाहू, आणि तो तिथे असेल.

पाठीमागे काहीतरी पडले. एव्हरेट दोन्ही हातांतली कॉफी सांडून उभा होता. तो पाण्याकडे पाहत नव्हता, उताराच्या तोंडाशी, जिथे चाक होते त्या रिकाम्या जागेकडे पाहत होता.

"ठोकळे कुठायत?" तो म्हणाला. मग आवाज खाली आला. "हार्लन, मी ठोकळे लावले नव्हते?"

इथे बोलायला हवे होते. एक वाक्य पुरे होते. हार्लन म्हणाला, "मी कॅमेऱ्यात बघत होतो."

खोटे नव्हते ते. म्हणूनच तर जास्त वाईट.

दुपारी क्रेन आली. सगळे गाव धक्क्यावर उभे होते. बंब वर आला तेव्हा त्याच्या प्रत्येक कप्प्यातून चिखलाचे खारे पाणी गळत होते. दार उघडले तर चालकाच्या सीटवर एक निळा खेकडा नांग्या उगारून बसला होता. कोणाला हसू आले नाही. मिस ओपल पिठाचे हात तसेच घेऊन आली होती. तिने बंबाच्या लाल पत्र्याला हात लावला, तिथे पांढरी पाच बोटे उमटली, आणि ती आल्या पावली परत गेली. खाऱ्या पाण्यात बुडालेला बंब भंगारात जातो हे तिथल्या पोरासोरांनाही ठाऊक असते.

दलाच्या चीफने एव्हरेटला विचारले. "ब्रेक ओढला होतास?"

"ओढला होता असं वाटतं," एव्हरेट म्हणाला. "पण ठोकळे लावले असंही मला वाटतंय, चीफ. आणि ते नाहीत ना."

घरी येऊन हार्लनने व्हॅनचे दार उघडले, आणि ठोकळे तिथे होते. अर्थातच होते, त्यानेच टाकले होते.  आणि त्याच क्षणी तो फुस्स आवाज त्याला पुन्हा ऐकू आला, अगदी कानाशी. सीट नव्हती ती. पिशवीने पिवळी मूठ आत ढकलली होती.

त्याने ठोकळ्यांवर जुनी चादर टाकली. आपला हात असे काही करेल याचा त्याला धक्काच बसला, पण हाताने केले ते केले.

रविवारी चर्चमध्ये एव्हरेटची आणि त्याच्या बायकोची, नॉर्माची, जागा रिकामी होती. सोमवारी हार्लन पाव आणायला गेला तर दुकानात ओपल भेटली.

"एव्हरेटने बंबखान्याच्या किल्ल्या परत दिल्या," ती म्हणाली. "आणि बोट पण बाहेर काढत नाहीये. खेकड्यांचे शेवटचे दिवस, नि हा घरात बसलाय."

"होईल ठीक," हार्लन कसेबसे म्हणाला.

"काय ठीक होणार? त्याचा बाप आठवतो ना तुला? साठीतच स्वतःच्या बोटीचं नाव विसरला होता. आज सकाळी नॉर्मा ह्याला डॉक्टरकडे घेऊन गेली. त्यांनी डोकं तपासायला कागद दिला, म्हणाले घड्याळाचं चित्र काढ, अकरा वाजून दहा मिनिटं दाखव. ह्याचा हात असा थरथरला की काटेच काढता येईनात." ओपलने डोळे पुसले. "बंबाचं मेलं काय एवढं. माणूस चाललाय, हार्लन."

हार्लन पाव न घेताच घरी आला. बंब गेला तो त्याच्या हातून, पण एकदाच आणि नकळत; चांगल्या चालत्या डोक्याचा माणूस घड्याळाचे काटे काढताना थरथरतो, हे आपण रोज, सकाळी उठून, दात घासून, नव्याने करतो आहोत, हे त्याला आत्ता दिसले. आणि दिसूनही तो मंगळवारी घरातच बसला. बासष्ट वर्षांत आपल्या आत असा एक माणूस राहतो आहे याचा त्याला पत्ता नव्हता.

बुधवारी संध्याकाळी दलाची बैठक होती. हार्लन पोचला तेव्हा एव्हरेट उभा राहून बोलत होता, चार दिवसांत दहा वर्षांनी म्हातारा झालेला.

"मला लावल्यासारखं आठवतं. लाथसुद्धा मारल्याचं आठवतं. पण बाबाही असंच छातीठोक सांगायचे. तेव्हा आता मी..."

हार्लन मधल्या वाटेने पुढे गेला आणि दोन्ही ठोकळे टेबलावर ठेवले. मोठा आवाज झाला.

"लावले होतेस तू," तो म्हणाला. "दोन्ही. मी काढले, फोटोत दिसत होते म्हणून. ब्रेकही तू ओढला होतास. माझी पिशवी लागून तो सुटला. हा कॅमेरा. पहिल्या फोटोत ठोकळे आहेत, बघा."

भिंतींवर त्याचेच फोटो होते, चाळीस वर्षांचे.  मिस ओपल उठली. म्हणाली, "नऊ वर्षं, हार्लन."

एव्हरेटने एक ठोकळा उचलला. हा आता आपल्या डोक्यात घालणार, असे हार्लनला वाटले, आणि त्याने डोके बाजूला घेतले नाही. पण एव्हरेट तो ठोकळा नुसता हातात फिरवत होता, बुटाच्या लाथेची काळी खूण होती तिथे अंगठा घासत होता.

"परत सांग," तो म्हणाला.

"तू लावले होतेस."

"परत सांग."

हार्लनने पुन्हा सांगितले. एव्हरेट मटकन खाली बसला आणि ढसाढसा रडला, सगळ्यांदेखत. मग बाहीने तोंड पुसून त्याने हार्लनचे मनगट धरले. "घरी चल. नॉर्माला सांग. माझ्या तोंडून तिला खरं वाटायचं नाही."

नॉर्मा स्वयंपाकघरात होती. हार्लनने उभ्या उभ्या तिसऱ्यांदा सगळे सांगितले, ठोकळे, पिशवी, मूठ, चादर. ती ऐकत राहिली. शेवटी उठली, फळीवरचा पिठाचा डबा काढला, कोपरापर्यंत हात आत घातला आणि बोटीच्या किल्ल्या बाहेर काढल्या. एव्हरेट बघतच राहिला. त्या हरवल्यात, आपणच कुठेतरी ठेवून विसरलो, असे तो दोन दिवस समजत होता; त्याने एकट्याने पाण्यात जाऊ नये म्हणून तिनेच त्या लपवल्या होत्या.

तिने किल्ल्या एप्रनला पुसून नवऱ्याच्या हातात दिल्या. मग हार्लनकडे वळली. आवाजात राग नव्हता, नुसते नवल होते.

"शनिवार ते बुधवार," ती म्हणाली. "हार्लन, तू रात्री झोपत होतास?"

हार्लन खरे तेच बोलला. "हो," तो म्हणाला.