घशाच्या कॅन्सरबद्दल मी कुणाकुणाला विचारलं

“लॅरिंक्सचा कॅन्सर आहे,” नाशिकचे घशाचे डॉक्टर म्हणाले. लॅरिंक्स म्हणजे स्वरयंत्र. मी एसटीत कंडक्टर. गाडीत ओरडून आवाज बसलाय, असंच इतके महिने धरून चाललो होतो.

“ऑपरेशन करून स्वरयंत्र काढावं लागेल. आवाज जाईल, जीव राहील.”

विचारायचं पुष्कळ होतं. पण अडाणी ठरू, म्हणून मान हलवली आणि उठलो. शेजाऱ्यांना सांगितलं, घशाला सूज आहे.

मेहुणे म्हणाले, “दाजी, चाकू लावू नका. चाकू लागला की कॅन्सर पसरतो.” त्यांनी नाशकातल्याच द्वारका चौकाजवळच्या कुणाकडून औषधाच्या पुड्या आणल्या. मी त्या मधातून घेत राहिलो.

एका दुपारी जिना चढताना श्वास कोंडला. शांतानं, माझ्या बायकोनं, रिक्षात घालून दवाखाना गाठला. पुड्यांचं तिनंच सांगितलं. मी फरशीकडे बघत होतो.

डॉक्टर रागावले नाहीत. “चाकूनं पसरत नाही हो. थांबल्यानं वाढतो. हे मला विचारायला लाज कसली?”

ऑपरेशन मुंबईला झालं. गळ्याला स्टोमा आला, म्हणजे श्वासासाठी ठेवलेलं कायमचं भोक. पुतणीच्या लग्नात पंगतीत खोकला आला आणि कफ नाकातोंडातून नाही, गळ्यातून उडाला. शेजारचा माणूस ताट घेऊन उठला. त्यानंतर मी घराबाहेर पडेनासा झालो.

तपासणीच्या दिवशी नाशिकच्या डॉक्टरांनी निफाडच्या एका द्राक्षवाल्या शेतकऱ्याला मुद्दाम बोलावून घेतलं. त्याच्याही गळ्याला तसंच भोक. आणि तो बोलला! खरखरीत, तुटक, पण बोलला.

“हवा गिळायची. ढेकरावानी वर येती, तिच्यावर शब्द बसवायचा. लाजायचं नाय, भाऊ.”

चारचौघांत ढेकर द्यायचे! महिनोन् महिने दार लावून सराव केला. पहिला शब्द ‘पाणी’ निघाला. शांतानं तांब्या आणून दिला आणि पदर डोळ्यांना लावला.

तुमच्या घरी कुणाचा आवाज बसून सुटत नसेल, तर डॉक्टरांना दाखवा. वेडगळ वाटणारी शंकासुद्धा त्यांनाच विचारा. यातून गेलेला माणूस भेटला, तर त्याच्याशेजारी बसा.

मला आता डेपोत बसून काम आहे. परवा चौकशीच्या खिडकीवर एकटाच होतो. एका म्हातारीनं घोटीच्या गाडीचं विचारलं. मी सांगितलं. तिला कळलं नाही, पण रांगेतले सगळे वळून बघू लागले. कान तापले माझे. लाज अजून गेलेली नाही.

हवा गिळली आणि पुन्हा सांगितलं.