आठ अक्षरं आणि अवेळची आरती

गणपतीतला रविवार, दुपार. हजर: इरा, सोहम, पाटकरांची जुळी आणि मी. कापराचा वास आला की आजही माझं डोकं फिरतं, ते त्या दुपारमुळे.

चारकोपच्या आमच्या सोसायटीच्या मंडपात मी मुलांकडून कविता रचून घेत होते. चार ओळी, प्रत्येकीत आठ अक्षरं, दर अक्षराला एक टाळी. कवितेसोबत आठाचा पाढाही पक्का होणार होता. माझ्या शिकवणीत कधीच तोंड न उघडणाऱ्या इराच्या तीन ओळी झाल्या. चौथीसाठी ती उभी राहिली, तोच सावंतकाकू पेटता कापूर घेऊन धावत आल्या.

"आरती सुरू झाली आणि माका कोणी सांगूक नाय?"

"काकू, आरती सातला! आम्ही अक्षरं मोजतोय."

"मगे टाळ्यो कित्याक?" म्हणत त्यांनी आरती सुरूही केली. पोरं लगेच सामील. माझ्या वेळापत्रकाची वाट लागली.

मधेच इरा ओरडली, "टीचर, आरतीचीपण अक्षरं मोजता येतात!" सगळे बोटांवर मोजू लागले. मी मात्र घड्याळ बघत होते. आता घड्याळातली वेळ आठवत नाही, इराचा तो आवाज आठवतो.

ती आता कॉलेजात आहे. परवा लिफ्टमध्ये भेटली, तेव्हा विचारलंच, "चौथी ओळ?"

"करते ना, टीचर!"

अजून केलेली नाही.