हुजुरांची चिनी बंगली

लग्न होऊन मी उस्मानाबादेत आले तेव्हा सासरे सर्फेखासच्या बागेचे दरोगा होते. सर्फेखास म्हणजे निजामाची खासगी जहागीर. बागेच्या मधोमध चिनी धाटणीची एक बंगली होती. कोपरे वर वळलेलं हिरव्या कौलांचं छप्पर, लाल खांब, छताला रंगवलेले मिशाळ साप. हुजूर शिकारीला आले तर उतरायला जागा हवी म्हणून कुणा अंमलदारानं चित्रात बघून हैदराबादच्या सुतारांकडून ती बांधून घेतली होती. हुजूर आलेच नाहीत. सासरे मात्र रोज आतली धूळ झाडत, कुलूप लावत आणि किल्ली कमरेला खोवत. आम्हा घरच्यांनाही उंबरा ओलांडायची मुभा नव्हती.

रझाकारांच्या दिवसांत माझे मालक निजामाच्या हद्दीपलीकडं बार्शीला निघून गेले. निरोप नाही की सांगावा नाही. माझं कशातच मन लागेना. भाकरी तव्यावर टाकून फाटकाशी जायची, रस्ता बघायची, येईपर्यंत भाकरी करपलेली असायची. सासूबाई म्हणायच्या, "अगं, बस की जरा."

एका दुपारी जिल्ह्यातल्याच वाशीकडच्या गावातून पळून आलेली माणसं बागेत शिरली. तिकडं रझाकारांनी घरं पेटवली होती. आमच्या दोन खोल्या बायापोरांनी भरून गेल्या. तेवढ्यात पाऊस आला, आणि दिवस भरलेली एक बाई चिंचेखाली कळांनी तळमळताना दिसली.

"मामंजी, बंगली उघडा," मी म्हणाले. त्यांच्यापुढं मी तोवर तोंड उघडलं नव्हतं.

"हुजुरांची हाय ती. उद्या आले तर काय सांगू?"

"इतकी वर्सं आले न्हाईत. ही बाई आत्ता आलीया."

ते ओट्यावर नुसत्या येरझाऱ्या घालू लागले. मग तरातरा गेले, पायताण काढलं, कुलूप उघडलं आणि बंगलीकडं पाठ करून पावसात उभे राहिले. मुलगी झाली. नाळ सासूबाईंनी कापली.

पुढं हिंदुस्थानची फौज आली, निजामी गेली. मालक परतले, वाळलेले, दाढी वाढलेली. मला आधी रागच आला.

"एक निरोप धाडता येत नव्हता व्हय?"

"कुणाच्या हाती धाडू?" ते म्हणाले.

बंगलीत नंतर सरकारी ज्वारीची पोती पडली. उंदीर माजले, कौलं लोकांनी नेली. शेवटी ती पाडायची ठरली. सासरे त्या दिवशी घराबाहेर पडलेच नाहीत. मी गेले, पण छप्पर खाली येईपर्यंत उभं राहवेना. मधूनच घरी निघून आले.