मध्येच उठवलेली पंगत

समस्त नाशिककरांस अत्यंत गांभीर्याने कळवण्यात येते की, आमच्या परिचयातील एका वृद्ध बैलाच्या निधनानिमित्त मांडलेली पंगत यजमानीणबाईंनी स्वतःच थाळी बडवून उधळून लावली. पाहुणे उपाशी परत गेले. कदाचित एक सोडून. त्या एकाची काळजी मला अजून आहे.

पाहुणे म्हणजे गिधाडं. नाक मुरडू नका. हिवाळ्यात आपण डबे बांधून नांदूरमध्यमेश्वरला जातो, रोहित पक्षी दिसला की पराठा तोंडात तसाच धरून फोटो काढतो. गिधाडासाठी कुणी पराठा थांबवत नाही. मी मात्र त्यांचा जुना चाहता. टक्कल, मानेभोवती पिसांची मळकी झालर, चालणं लग्नातल्या रुसलेल्या व्याह्यासारखं. रंगमंचावर असा प्रवेश मला कधी जमला नाही.

पेठकडच्या डोंगरात एक शेतकरी आहेत. दरवर्षी त्यांच्याकडून तांदूळ आणता आणता ते माझे मामा झाले आणि त्यांची बायको मामी. त्यांच्या गावाला लागून वनखात्याचं राखीव रान आहे. तिथल्या एका माळाला कुंपण घालून गिधाडांच्या जेवणाची जागा केलेली आहे. गावात जनावर मेलं की पुरत नाहीत, तिथे नेऊन ठेवतात. अट एकच. दुखणं थांबवायची काही इंजेक्शनं अशी आहेत की ती मेलेल्या जनावराच्या मांसात शिल्लक राहतात, आणि ते मांस खाल्लं की गिधाड मान टाकतं. देशभरातली गिधाडं गेली ती मुख्यतः अशीच. म्हणून फाटकावरचा वनरक्षक आधी विचारतो, औषध काय दिलं होतं?

मामांच्या बैलजोडीतला पांढरा बैल पायाने अधू होऊन गोठ्यात पडला, तेव्हाच मामांनी जाहीर केलं होतं. ‘ह्याला सुई नाय. हा वर जाईल.’ वर म्हणजे कड्यावर, गिधाडांच्या पोटातून. त्यांच्या बापाचे बैल तसेच गेले होते, आणि आपला त्याच वाटेने जावा एवढीच त्यांची इच्छा होती. गिधाडं मात्र बरेच महिने माळावर उतरलीच नव्हती. कड्यावर दिसत, वर फिरत, निघून जात.

बैल गेल्याचा फोन आला तसा मी निघालो. मामा अंगणातच होते.

‘काय भाचे, रडाया आले का तांदूळ न्याया?’

‘दोन्ही,’ मी म्हणालो.

‘मंग आधी रडून घ्या. तांदूळ कुठं पळत नाय.’

मामी चुलीपुढे बसून होती. एरवी मला पाहिलं की माझ्या पोटावर एखादा शेरा ठरलेला. त्या दिवशी नुसता चहा पुढे सरकवला.

ट्रॅक्टरच्या ट्रॉलीतून बैल माळावर नेला. वनरक्षकाने विचारलं, मामांनी सांगितलं, ‘हळदीचा लेप आन् पाला. दुसरं काय नाय.’ मामा खोटं बोलणारा माणूस नाही, आणि ते खोटं बोललेही नाहीत. बैल ठेवून मी, मामा आणि वनरक्षक लांब झुडपाआड बसलो. ऊन चढलं. मामा विडी न पेटवता नुसती चघळत होते.

मग ती आली. आधी वर ठिपके, मग मोठाले पसरलेले पंख, मग समोरच्या वाळक्या झाडावर एकेक जण बसू लागला. मामांनी माझं मनगट धरलं. ‘बघा,’ म्हणाले, ‘वळख ठेवली.’ त्यांचे डोळे भरले होते. पहिलं गिधाड उतरलं, बैलाच्या डोक्याशी गेलं, चोच घातली.

आणि खालून थाळी वाजली.

मामी चढण चढत येत होती, पदर सुटलेला, हातात स्टीलची थाळी आणि उलथणं. ‘उठवा त्यांना,’ ती दुरूनच म्हणत होती. ‘त्याला टोचलंय. उठवा.’

शाळेच्या नाटकात मी राक्षस असे. ती तालीम इतक्या वर्षांनी कामाला आली. हातवारे करत, गर्जना करत मी माळभर नाचलो. वनरक्षक काठी आपटत धावला. इतक्या महिन्यांनी आलेले पाहुणे आम्ही हाकलत होतो. मामा जागचे हलले नाहीत.

सगळं झाड रिकामं झाल्यावर त्यांनी विचारलं, ‘कधी?’

‘काल सांजच्याला. तुमी दळायला गेलता तवा. बाजारातला तो सुईवाला बोलावला.’ मामी धापा टाकत होती. ‘कळांनी दात खात होता तो. तुमाला गिधाडं दिसत होती, मला त्याचे डोळे दिसत होते. मला वाटलं, येतच नाय ती, तर कुणाला काय व्हणार.’

वनरक्षक दुर्बीण लावून कडा बघत राहिला. पहिल्या गिधाडाने एखादा घास गिळला होता की नुसती चोच लावली होती, त्याला सांगता येईना. कड्यावर बसलेली सगळी सारखीच दिसत होती.

जेसीबी मागवून खोल खड्डा घेतला. मामांचा बैल मातीत गेला. माती लोटली जात असताना गिधाडं पुन्हा वर आली, घिरट्या घालत, एकेक घिरटी आधीच्याहून मोठी, डोंगरापलीकडे सरकणारी. मामा खाली बघत होते. मामी वर बघत होती. थाळी अजून तिच्या हातातच होती. ती एकदम मोठ्याने बोलून गेली,

‘लांब जाऊ नका रे. दुसरा बी म्हाताराच हाय, त्याला नाय टोचणार.’