काउंटरवरचं हुए शहर

मुलांनो, न्युरेम्बर्गला तुमच्या घराखाली एका व्हिएतनामी बाईंचं भाजीचं दुकान होतं. तीस वर्षांनी त्या आपल्या गावी, हुए शहरात, जर्मनीत वाढलेल्या लेकीला घेऊन जाणार होत्या. लेकीदेखत रस्ता चुकायला नको, म्हणून काउंटरवर भाज्यांचा नकाशा मांडून रोज माझ्यासमोर मोडक्या इंग्रजीत वाटेची तालीम चाले. कांद्याची पात म्हणजे नदी, मिरच्यांच्या रांगा म्हणजे जुन्या गल्ल्या आणि आलं म्हणजे देऊळ.

मी चहासाठी आलं उचललं, तर त्या ओरडल्या, "नाइन, नाही! ते देऊळ आहे. टोपलीतलं घ्या. आणि देवळात शिरताना उंबऱ्यावर पाय देऊ नका."

"आमच्याकडेही देत नाहीत हो," मी म्हटलं.

शेवटच्या गल्लीत त्यांचं बोट रिकाम्या जागी थांबलं.

"इथे काय?" मी विचारलं.

"आमचं घर. अजून आहे का, ते बघून येते. मग भाजी ठेवते."