डेलच्या आईची सही

वर्लीन क्रॅब्ट्रीच्या कागदावर पहिली सही पडली ती न्हाणीघरात, ओल्या हातानं. सही करणारी होती मिस अर्मा ऑबुशॉन, वय वर्षं अठ्ठ्याऐंशी. त्या भागात थोरल्या बाईला, लग्न झालेलं असलं तरी, मानानं 'मिस'च म्हणत.

आठवड्यातल्या पाच सकाळी वर्लीन मिस अर्माकडे जायची. म्हातारीला उठवायचं, आंघोळ घालायची, मऊ पावासारख्या बिस्किटांवर पांढरी ग्रेव्ही ओतून भरवायची, गोळ्या द्यायच्या. मिसुरीच्या दक्षिणेकडच्या त्या डोंगराळ मुलखात तरणी माणसं शहराकडे गेली आणि म्हातारी मागे राहिली. त्यांना उचलायला वर्लीनसारख्या बायका उरल्या. दुसऱ्यांची हाडं सांभाळता सांभाळता तिचा स्वतःचा उजवा खुबा झिजून गेला. सांधा बदलावा लागेल, असं डॉक्टरांनी सांगितलं. विमा नव्हता. मग ती घोड्याच्या पायाला चोळतात ते मलम खुब्याला चोळायची आणि लंगडत कामाला जायची. नवरा तेलाच्या पाइपलाइनच्या कामावर टेक्सासला गेला, तो गेलाच.

मिस अर्माची औषधं, तिची आंघोळ, खुद्द वर्लीनचा पगार, हे सगळं मेडिकेडमधून येई, म्हणजे गरिबांच्या सरकारी विम्यातून. शेत आणि गुरं मुलाच्या नावावर करून वीस वर्षं झाली होती. म्हातारीकडे राहत्या घराखेरीज काही नव्हतं. तिचा विम्याचा फॉर्म दरवर्षी वर्लीनच भरायची. पण तो विमा वर्लीनला मिळत नव्हता. पदरी लहान मूल नसलेल्या, कामाच्या वयातल्या माणसाला मिसुरीत तो नव्हताच, मग त्याच्या घरी चूल पेटो वा न पेटो. वॉशिंग्टनच्या केंद्र सरकारनं कायदा करून म्हटलं होतं, यांनाही घ्या, शंभरातले नव्वद आम्ही भरतो. पण घ्यायचं की नाही हे कोर्टानं राज्यांवर सोडलं, आणि मिसुरीनं मान फिरवली. खाजगी विम्याला सवलत होती, पण ती गरिबीच्या रेषेच्या वर कमावणाऱ्यांना. वर्लीन त्या रेषेच्या थोडी खाली. आणखी थोडं मिळवती तर मदत मिळाली असती!

दोन हजार एकोणीसच्या शरदात बातमी आली की पुरेशा सह्या जमल्या तर हा प्रश्न थेट मतदारांपुढे ठेवता येईल. वर्लीननं जाऊन कागद आणले आणि दुसऱ्या दिवशी मिस अर्माच्या पाठीला साबण लावता लावता सांगून टाकलं.

"आण इकडे," म्हातारी म्हणाली.

"आधी अंग तर पुसू द्या."

"अगं, माझ्या वयात थांबायचं कशाला? आण."

"मिस अर्मा, डेलला कळलं तर?"

डेल म्हणजे म्हातारीचा मुलगा, त्या भागाचा आमदार. शाळेत वर्लीनच्याच वर्गात होता. वॉशिंग्टनचा हा विमा मिसुरीत येऊ देणार नाही, असं सांगून तो दोन वेळा निवडून आला होता.

"डेलला मी बोलायला शिकवलं," मिस अर्मा म्हणाली, "कधी गप्प बसायचं ते शिकवायचं राहून गेलं. पेन दे."

पहिली सही सोपी गेली. पुढच्या मिळवताना जीव मेटाकुटीला आला. वाचनालयासमोर लोक तिला पाहून रस्ता ओलांडायचे. चर्चच्या जेवणात ज्या बायकांशी ती बटाट्याच्या सॅलडवर तासभर बोलायची, त्यांना अचानक घाई होऊ लागली. तेव्हा तिनं डोकं चालवलं. नोव्हेंबरात हरणांच्या शिकारीचा मोसम सुरू झाला की मांस कापून देणाऱ्या दुकानासमोर गाड्यांची ही रांग लागते. नारिंगी जाकिटातली माणसं गाडीतलं हरीण टाकून पळून जाऊ शकत नाहीत. वर्लीन एकेका खिडकीशी जाऊन उभी राहू लागली.

"हे वॉशिंग्टनवाल्यांचं खूळ ना?" हर्शल टॅकेट नावाच्या छप्पर घालणाऱ्या गड्यानं विचारलं. "फुकट्यांची सोय."

"मी पाच घरची म्हातारी उचलते, हर्शल. मी फुकटी?"

"तुझं नाही म्हणत गं."

"मग कुणाचं म्हणतोस, नाव घे. तुझ्या खांद्याला काय झालंय? उजवा हात मांडीवरून हलत नाहीये म्हणून विचारते."

"शिडीवरून पडलो. जूनमध्ये."

"डॉक्टरला दाखवलंस?"

"दाखवायला काय जातंय! विमा कुठाय?"

"मग फुकट्यांच्या रांगेत ये. माझ्या मागे उभा राहा, मी लंगडत असल्यानं रांग हळू सरकेल."

मागच्या गाडीतला माणूस खो खो हसला. हर्शलनं डाव्या हातानं सही केली आणि हरणाच्या रक्तानं माखलेला अंगठा कागदाच्या कोपऱ्यावर उमटवला. त्या दोन दिवसांत तिनं एकशे बारा सह्या जमवल्या. कागदांवर शिक्का मारणाऱ्या नोटरीनं नाकाला रुमाल लावला.

मार्चमध्ये साथ आली आणि सगळं बंद झालं, पण तोवर राज्यभरच्या सह्या पुरून उरल्या होत्या. ऑगस्टमध्ये तोंडाला फडकी बांधून लोकांनी मतं दिली. वर्लीनच्या काउंटीत, म्हणजे जिल्ह्यात, दर दहांतल्या सातांनी 'नको' म्हटलं. राज्यात मात्र 'हवं' जिंकलं. त्या रात्री ती एकटीच स्वयंपाकघरात नाचायला गेली आणि खुब्यात अशी कळ आली की खुर्ची धरून बसावं लागलं.

पण मत दिलं म्हणजे झालं, असं समजणं हा भाबडेपणा होता. पुढच्या वसंतात सभागृहानं या विम्यासाठी पैसेच मंजूर करायचे नाहीत असं ठरवलं. लोकांनी कायदा केला असेल, तिजोरीची किल्ली आमच्याकडे आहे! वर्लीननं एक दिवसाची रजा टाकली आणि जुन्या गाडीतून तीन तास हाकत राजधानी जेफरसन सिटी गाठली. समितीपुढे बोलायला दोन मिनिटं मिळणार होती. समोरच्या अर्धवर्तुळात डावीकडून तिसरा बसला होता डेल.

"मी विनवणी करायला आलेली नाही," ती म्हणाली. "विनवणी मतदानाच्या आधी करतात. मत झालंय. आता तुम्ही फक्त ऐकायचं."

एक सभासद चष्म्यावरून बघत म्हणाला, "बाई, तुमच्या काउंटीनं तर विरोधात मत दिलंय."

"दिलंय ना. आणि त्याच काउंटीनं डेलला निवडून दिलंय. मी त्याला मत दिलं नव्हतं. म्हणून काय मी म्हणायचं, हा माझा आमदार नाही? हरल्यावर मी मानलं. आता तुमची पाळी."

मागच्या बाकांवर कुणीतरी टाळी वाजवली. डेल खाली बघून पेनाचं टोपण काढत-लावत होता. त्याची मान लाल झाली होती. कशाला भीत होता, ते त्या खोलीत फक्त वर्लीनला ठाऊक होतं. एक वाक्य पुरलं असतं. 'यांच्या आईला मी रोज आंघोळ घालते, ती कशाच्या जिवावर ते यांनाच विचारा.' वाक्य जिभेवर आलंही. पण दुसऱ्याच्या न्हाणीघरातली गोष्ट उंबऱ्याबाहेर न्यायची नाही, हे तिनं तीस वर्षं पाळलं होतं, आणि डेलसाठी ती ते मोडणार नव्हती. उरलेलं अर्धं मिनिट तिनं हर्शलच्या खांद्याबद्दल सांगितलं, तेही त्याची परवानगी घेऊन.

दोन दिवसांनी, ज्या एजन्सीमार्फत ती कामाला जायची तिथून फोन आला. मिस अर्माकडचं काम बंद, दुसरी घरं बघू. कारण विचारलं तर म्हणे, कुटुंबाची इच्छा.

कुटुंबातल्या मुख्य माणसाला कुणी विचारलंच नव्हतं. मिस अर्मानं पहिल्या नव्या बाईला दारातून परत धाडलं. दुसरीवर स्पंज फेकला. तिसरीला म्हणाली, "तू चांगली मुलगी आहेस, घरी जा." नऊ दिवस तिनं अंगाला पाणी लावू दिलं नाही. दहाव्या दिवशी काउंटीच्या साप्ताहिकात तिचं पत्र छापून आलं:

'माझी आंघोळ मेडिकेडवर होते. गेली सहा वर्षं. मला त्याची लाज वाटत नाही; चाळीस वर्षं मी गुरांच्या बाजारात फळांचे केक भाजून विकले आणि प्रत्येक कर भरला. माझ्या मुलाचं मत त्याचं आहे. माझी आंघोळ माझी आहे. वर्लीनला परत पाठवा. अर्मा ऑबुशॉन.'

डेल त्याच संध्याकाळी वर्लीनच्या दारात आला. टोपी हातात होती, पण आवाज चढलेला.

"आईला तू चढवलंस."

"तुझ्या आईला चढवणारा अजून जन्माला यायचाय, डेल."

"सगळ्या काउंटीत छी थू झाली माझी!"

"मी समितीपुढे तोंड उघडलं असतं तर सगळ्या राज्यात झाली असती. उघडलं का?"

तो अंगणातल्या वाळक्या गवताकडे बघत म्हणाला, "ती आंघोळ करत नाहीये, वर्लीन. वास येतोय तिच्या अंगाला."

"उद्या सातला जाते. एजन्सीला फोन तू कर. काम तूच बंद पाडलं होतंस."

मिस अर्मा दुसऱ्या दिवशी तासभर गरम पाण्यात बसली आणि उठायलाच तयार होईना. डेलचं मत मात्र बदललं नाही. पैशाच्या विरोधातच पडलं. पैसे नामंजूर झाले, गव्हर्नरांनी विमा थांबवला, तेव्हा काही गरजू माणसं कोर्टात गेली. जुलैत राज्याच्या सर्वोच्च न्यायालयानं एकमुखानं लोकांच्या बाजूनं निकाल दिला. ऑक्टोबरात वर्लीननं पहिल्यांदा फॉर्मवर स्वतःचं नाव लिहिलं. उत्तर यायला जानेवारी उजाडला. खुब्याचं ऑपरेशन त्या सप्टेंबरात झालं, आणि ते बघायला मिस अर्मा नव्हती. उन्हाळ्यात ती झोपेतच गेली. डेलनं शवपेटीला खांदा द्यायला पाच पुरुष बोलावले आणि सहावी म्हणून वर्लीनला. तिनं विचारलं, "लंगडी चालेल?" तो म्हणाला, "आईनं लिहून ठेवलंय."

नोव्हेंबरात डेल पुन्हा निवडून आला. वर्लीननं यंदाही त्याला मत दिलं नाही, आणि तसं त्याला सांगितलंही. शनिवारी ती वाचनालयात टेबल टाकून लोकांचे फॉर्म भरून देऊ लागली. तीन वर्षांपूर्वी रस्ता ओलांडणारी माणसं आता खाली मान घालून समोर बसायची. ती कुणाला टोचून बोलली नाही. फक्त जन्मतारीख विचारायची.

पुढच्या हिवाळ्यात सभागृहात नवीनच टूम निघाली. विमा हवा तर दर महिन्याला कामाचे तास भरल्याचा पुरावा द्यायचा, आणि त्यासाठी सगळं पुन्हा मतदानाला घालायचं. वर्लीननं रजा टाकली. सभागृहाच्या दगडी जिन्यावर डेल वरून उतरत होता, ती खालून चढत होती. तो थबकला.

"वर्लीन, अगं पुन्हा आलीस?"

"तुम्ही पुन्हा काढलंत ना."

तो बाजूला सरला. ती वर गेली आणि बोलणाऱ्यांच्या यादीत नाव लिहिलं. अकरावा नंबर होता.