एकीला सोडलं

नाशिकहून पालघरला जाणारी एस.टी. मोखाड्याला निम्मी रिकामी होते आणि जव्हारला पुन्हा तुडुंब भरते. दिवाळी नुकतीच होऊन गेली होती. जव्हारच्या थांब्यावर डोंगरातली कुटुंबं गोधड्या, पातेली, कोंबड्या आणि पोरंबाळं घेऊन उभी होती. भात कापून झालं की ही माणसं खाली वीटभट्ट्यांवर जातात. माझ्या शेजारी एक बाई येऊन बसली. मांडीवर मूल, पायाशी हंडा आणि हंड्यात पाय बांधलेली कोंबडी.

"परत कधी येणार?" मी विचारलं.

"पावसाच्या आधी."

"सगळेच चाललात?"

"मंग? घरी कोण कोणाला ठेवील?" असं म्हणून ती खिडकीबाहेर बघू लागली. माझा प्रश्न तिला खुळचट वाटला असावा.

मी बँकेत नोकरी करते आणि रजा टाकून असल्या प्रवासांना निघते. नव्वदीची सुरुवातीची वर्षं होती. मुंबईतून आणि आसपासच्या कारखान्यांच्या वस्त्यांतून बंगाली बोलणाऱ्या माणसांना उचलायचं, बांगलादेशी ठरवायचं आणि सीमेपलीकडे नेऊन सोडायचं, असं सत्र तेव्हा चालू होतं. त्यात खरोखर तिकडून आलेलेही होते आणि भारतातल्या बंगालचे, मुर्शिदाबाद-नदियाकडचे आपलेही होते. आमच्या लहानशा समितीचं म्हणणं साधं होतं. कुणालाही पाठवायचं असेल तर आधी न्यायालयापुढे उभं करा, आणि नवरा-बायको-मुलांची ताटातूट करू नका. हे म्हणणं सभेत टाळ्या घेतं. चौकीत त्याला बसायला कुणी खुर्चीही देत नाही.

पालघरला उतरले तेव्हा ऊन चढलं होतं. शनिवार असल्यामुळे स्टेशनाबाहेर मुंबईची मंडळी टोप्या घालून केळव्याच्या गाडीची वाट बघत होती. एका रिक्षावाल्याने माझ्या हातातली पिशवी जवळजवळ ओढूनच घेतली. "केळवा बीच ना, ताई?" बोईसर म्हटल्यावर त्याचा उत्साह मावळला. बोईसरला कुणी हवा खायला जात नाही.

बोईसरच्या हवेला वास आहे. रंगाचा, आम्लाचा आणि ओल्या कापडाचा एकत्र वास. कारखान्यांच्या मागच्या नाल्याचं पाणी त्या दिवशी जांभळं होतं. साळवी मला स्टेशनवर घ्यायला आला होता. तो तिथल्या एका लहान कामगार संघटनेचा कार्यकर्ता. तिशीतला, धावपळ्या, मनाने निर्मळ माणूस. मात्र प्रत्येक वाक्य घोषणेसारखं बोलायची त्याला सवय होती. त्यानेच आम्हाला निरोप पाठवला होता. वडापाव खाता खाता त्याने सगळी हकीकत सांगितली.

जलील मूळचा मुर्शिदाबाद जिल्ह्यातला. एका रंगाच्या कारखान्यात ठेकेदाराकडे कामाला. त्याची बायको रुबिना किनाऱ्यावरच्या घिवलीला मासळी सुकवण्याच्या कामावर जाई. दोघांना त्यांच्या चाळीतून भल्या सकाळी उचललं होतं. त्यांची मुलगी मुन्नी त्या दिवशी घिवलीतच, जानकीबाई नावाच्या कोळणीकडे होती, म्हणून राहिली. आता नवरा-बायको दोघंही कोठडीत होते आणि पुढच्या तुकडीबरोबर त्यांना रवाना करणार असं ऐकू येत होतं.

ठाणं कुठलं ते मी लिहीत नाही. त्याने काही फरक पडत नाही. अधिकारी सभ्य होता. त्याने आम्हाला दोघांना भेटू दिलं. जलील उंच, किडकिडीत. हात मनगटापर्यंत निळे पडलेले, अनवाणी. मला पाहून तो उठून उभा राहिला.

"दीदी, पहले इसको निकालो," त्याने पलीकडच्या खोलीकडे हात केला. "बच्ची छोटी है. मेरा बाद में देखना."

"दोघांचंही एकदमच बघू," साळवी म्हणाला. जलीलने मान हलवली. ती विश्वासाची नव्हती. आलेल्या माणसाचं मन राखावं, तशी होती.

रुबिना भिंतीला टेकून बसली होती. ती बोलू लागली आणि मी चकित झाले. हिंदी नाही, बंगाली नाही, ती किनाऱ्यावरच्या कोळणीसारखं बोलत होती. "बाय, मुन्नीला खोकला हाय. जानकीआयला सांगा, तिला जवळा नका देऊ. आनी मी लवकर येतंय म्हनून सांगा."

बाहेर आल्यावर मी अधिकाऱ्याला म्हटलं, "तिची भाषा ऐकलीत? ही बाई कालपरवा आलेली वाटते का?"

"भाषा शिकून घेतात हे लोक," तो म्हणाला. "मराठी आली नसती तर तुम्ही म्हणाला असता, बिचारीला भाषा येत नाही. मॅडम, मला ओळख पटवणारी माणसं आणून द्या. सोमवारी सकाळी. इथली, प्रतिष्ठित."

जलीलला ओळखणारा प्रतिष्ठित माणूस एकच होता, त्याचा ठेकेदार. आम्ही त्याच दुपारी त्याच्याकडे गेलो. त्याने पंखा आमच्याकडे वळवला आणि चहा मागवला.

"असा कुणी माझ्याकडे नाही, ताई."

"पाच वर्षं तुमच्याकडे आहे तो," साळवी म्हणाला. "सगळ्या बोईसरला माहीत आहे."

"मग बोईसरलाच विचारा." तो हसला नाही की रागावलाही नाही. जलील माझा म्हटलं असतं तर त्याच्यासारखे बाकीचे किती, तेही कुणी विचारलं असतं. त्यापेक्षा एक माणूस जगात नव्हताच, असं म्हणणं सोपं होतं. बाहेर अंगणात पाचसहा जण पिंप धूत होते. त्यांचीही बोटं निळी होती. साळवीने त्यांच्याकडे बघितलं तसे ते सगळे खाली बघून पिंप घासू लागले. मला त्यांचा राग आला नाही. त्यांनी तोंड उघडलं असतं तर सोमवारी तेही जलीलशेजारी बसले असते.

रविवारी सकाळी आम्ही टमटममधून (सहा माणसांच्या रिक्षात दहाजण कोंबतात ती) घिवलीला गेलो. बोईसर मागे पडलं तसा तो वास गेला आणि मासळीचा वास आला. खजुरीची, माडांची झाडं, मिठाचा चिकटा आणणारा वारा आणि पलीकडे अणुवीज केंद्राच्या इमारती. गावकरी त्यांच्याकडे बघतही नाहीत. डोंगराकडे कोण रोज बघतं?

जानकीबाई किनाऱ्यावर वलांडीपाशी (बोंबील सुकत घालायच्या बांबूंच्या मांडणीपाशी) होत्या. साठी उलटलेली, कमरेला घट्ट लुगडं, हात न थांबवता बोलणारी बाई. बोंबलांच्या जोड्या जबड्यात जबडा अडकवून त्या बांबूवर टाकत होत्या. मुन्नी खाली वाळूत बसून त्यांना एकेक बोंबील देत होती. सहा वर्षांची असेल. मी कोण, कशाला आले, हे तिने विचारलं नाही. तिला कुणीतरी सांगितलं होतं की आई बाजाराला गेली आहे, आणि ती ते खरं मानल्यासारखं करत होती.

"ही माझ्या पडवीत जन्माला आली," जानकीबाई म्हणाल्या. "तेव्हा ही दोघं हितंच राहायची. मंग त्याला कारखान्याचं काम लागलं, ती बोईसरला गेली. पन पोर माझ्याकडंच असते."

"रुबिना कुठली, तुम्हाला ठाऊक आहे?"

"कुठली म्हंजे? बंगालकडची. तिची आई हावऱ्याला का कुठं वारली तेव्हा ती रडली, ते मी बघलं. आनी काय माहीत पायजे?"

दुपारी त्यांनी आम्हाला जेवू घातलं. तांदळाची भाकरी, बोंबलाचं लालभडक कालवण आणि मुन्नीसाठी वेगळा, फिका भात. मी रुबिनाचा खोकल्याचा निरोप दिला. "तिला तिथं बसून जवळ्याची काळजी," जानकीबाई म्हणाल्या आणि पाठ वळवून चुलीत लाकूड सारलं.

संध्याकाळी त्यांनी घराघरांत जाऊन माणसं गोळा केली. सगळी आली नाहीत. एक बाई दारातूनच म्हणाली, "आमचा मुलगा नोकरीला लागायचाय, आमचं नाव नको." एकाने बंगाली माणसं बोटींवर येऊन खलाशांची कामं खातात, हे मला बराच वेळ ऐकवलं. तेही खोटं नव्हतं. पण सरपंच यायला तयार झाले, आणि रुबिनाबरोबर मासळी निवडणाऱ्या बायका तयार झाल्या. जलीलबद्दल मात्र कुणाला फारसं ठाऊक नव्हतं. इथं राहायचा तेव्हाही तो दिवसभर बाहेर कामाला असायचा; रात्री यायचा, सुट्टीला यायचा, हसून जायचा. त्याचं गाव कुठलं, त्याचा बाप कोण, हे छातीठोक सांगणारा, जानकीबाई धरून, त्यांच्यात कुणी नव्हता.

सोमवारी मासळीच्या टेंपोतून आम्ही निघालो. बायकांनी ठेवणीतली लुगडी नेसली होती आणि केसांत अबोली माळली होती. वाटेत टेंपोचं चाक पंक्चर झालं. चाक बदलेपर्यंत आम्ही रस्त्याकडेला उभे राहिलो, आणि मी सारखी घड्याळ बघत राहिले.

ठाण्यात अधिकाऱ्याने सरपंचांना खुर्ची दिली. बायका उभ्या राहिल्या. त्याने एकेकीला विचारलं. जानकीबाईंची पाळी आली तेव्हा तो म्हणाला, "आजी, परक्या माणसांना घरात ठेवता, उद्या काही झालं तर?"

"परकी आसती तर ठेवली नसती," त्या म्हणाल्या.

त्याने बराच वेळ लिहिलं आणि मग पेनाला टोपण लावलं. "ठीक आहे. बाईची ओळख पटली. घेऊन जा."

"आणि जलील?" मी विचारलं.

"त्याला पहाटे मुंबईला पाठवलं. तिथून सकाळच्याच गाडीने पुढे गेलाही."

म्हणजे पंक्चर झालं नसतं तरी तो भेटला नसता. मला क्षणभर बरं वाटलं, आणि त्या बरं वाटण्याची लगेच किळस आली.

"साहेब, ती त्याची बायको आहे. ती इथली आणि तो परदेशी, असं कसं?"

"तिच्यासाठी माणसं आली. त्याच्यासाठी कोण आलं?" त्याने शांतपणे विचारलं. "मॅडम, एकीला सोडलं आहे. समाधान माना. बाकीच्यांना तेही मिळत नाही."

मी साळवीला सांगायला बाहेर धावले. तो बोईसरहून परस्पर येऊन फाटकाशी थांबला होता. त्याने झेंडूचा हार आणला होता, पेढ्यांचा पुडा आणला होता आणि स्थानिक साप्ताहिकाचा फोटोग्राफरही बोलावला होता. मी त्याच्यापर्यंत पोचायच्या आत रुबिना दुसऱ्या दाराने बाहेर आली. उन्हात डोळे मिचकावत उभी राहिली. साळवीने तिच्या गळ्यात हार घातला. "कामगार एकजुटीचा विजय असो," तो म्हणाला. संघटनेच्या चार पोरांनी त्याला साथ दिली. फोटो निघाला.

"आनी तो?" रुबिनाने विचारलं. तिने फाटकाकडे बघितलं, आत बघितलं, मग माझ्याकडे.

तिला कुणी सांगितलंच नव्हतं. मी सांगितलं. शब्द कुठले वापरले ते आठवत नाही, आठवावेसेही वाटत नाहीत.

ती रडली नाही. तिने हार काढला आणि साळवीच्या हातात परत दिला. "त्याच्या पायात चप्पल व्हती का?" तिने मला विचारलं. "उचलला तेव्हा नव्हती."

मी आत जाऊन विचारलं. शिपायाने खांदे उडवले. बाहेर येऊन मी तिला सांगितलं, माहीत नाही. साळवी हातात हार धरून उभा होता. 

आम्ही टेंपोतून घिवलीला परतलो. मुन्नी खळ्याच्या (मासळी सुकवायच्या अंगणाच्या) कडेला उभी होती. आईला बघून ती धावली नाही. ती टेंपोच्या मागच्या बाजूला गेली आणि आणखी कोण उतरतं ते बघत राहिली. फळी लावून टेंपो निघून गेला तरी ती तिथंच होती.

निघताना जानकीबाई माझ्याबरोबर रस्त्यापर्यंत आल्या.

"दर्यात मानूस गेला तर आमाला कळतं काय करायचं," त्या म्हणाल्या. "काही दिवस वाट बघायची, मंग बांगड्या फोडायच्या. आमच्या घरात झालंय तसं. ह्याला सरकारनं नेला. हिनं काय करायचं, ते सांगा."

 मी म्हटलं, आम्ही कोर्टात जाऊ. आम्ही गेलोही. तारखा पडत गेल्या.

नाशिकला परतल्यावर समितीच्या बैठकीत मी घडलं ते सगळं सांगितलं. एका ज्येष्ठ सभासदांनी समारोप करताना म्हटलं की निदान एक कुटुंब वाचवलं, ही छोटी गोष्ट नाही. टाळ्या वाजल्या. मी उभी राहून म्हणाले की कुटुंब वाचलेलं नाही, एक बाई वाचली आहे. त्यावर सगळे नाराजीने माझ्याकडे बघू लागले. माणसांना प्रवासातून परत आलेल्याकडून काहीतरी गोड हवं असतं.

उन्हाळ्यात एकदा साळवीचा फोन आला. आवाज खाली गेलेला होता. मुर्शिदाबादहून परतलेल्या एका कामगाराने बातमी आणली होती. जलीलला सीमेवर नेऊन पलीकडे ढकललं होतं. तिकडच्या शिपायांनी त्याला शेतातच पकडलं. तो तिकडचं एकही गाव सांगू शकला नाही. म्हणून विनापरवाना घुसलेला भारतीय म्हणून त्याला तुरुंगात घातलं, आणि तो अजून तिथंच होता.

मी खूप हिंडले आहे. सह्याद्री उतरून समुद्राकडे जाणाऱ्या त्या रस्त्याइतका देखणा रस्ता मी क्वचित पाहिला असेल, आणि कुणी विचारलं तर जव्हारच्या घाटाची मी तारीफही करते. पण जलील आपला होता, हे ज्यांनी कुणाच्याही साक्षीवाचून लगेच मान्य केलं, ते सीमेपलीकडचे शिपाई होते, आपले लोक नव्हते. त्या रस्त्याने मी पुन्हा कधी गेले नाही.